चाखायची माती

धाकट्या सुनेने मनातल्या मनात सगळा हिशेब मांडून पाहिला होता. माती चाखायचं काम मिळालं, तर सकाळची अकरा माणसांची चूल सुटणार. अंगणातल्या झाडाखाली सासऱ्यांच्या शेजारी खुर्ची मिळणार. मातीची गाडी आणणारा ड्रायव्हर आजवर तिला 'पाणी आणा' एवढंच म्हणत आला होता. तो आता 'बघा बरं बाई, कशी वाटते' म्हणत ताटकळत उभा राहणार. आणि हे सगळं मोठ्या जावेला खिडकीतून दिसणार, हा फायदा वरकड. बदल्यात द्यायचं काय, तर चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकायची. तोट्याचा रकाना तिने कोराच ठेवला.

घर बरण्या करणाऱ्यांचं. दोघे मुलगे चाकावर, परसात भट्टी, आणि दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा निकाल सासऱ्यांच्या जिभेवर. माती खारट निघाली, की भाजल्यावर बरणीला पांढरी खपली धरते आणि तसली बरणी कुणी हातात घेत नाही. सासरे चिमूट तोंडात टाकत, डोळे मिटत, कण दाताखाली घोळवत आणि 'उतरवा' नाहीतर 'चालते व्हा' एवढंच बोलत. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही, असं ते स्वतःच सांगत. भट्टीला कुणी विचारलं नव्हतं. आता वय झालं, वारस हवा. मुलगे तंबाखूवाले, त्यांच्या जिभा कधीच कामातून गेलेल्या. उरल्या दोन सुना. मोठीने पहिल्याच चिमटीला 'शी!' म्हणून अंग झाडलं. धाकटी सासऱ्यांवर छाप पाडायला इतकी आतुर, की थुंकायचं सोडून गिळूनच बसली. खुर्ची तिची झाली.

तीन महिने झोकात गेले. चौथ्यात बेंबीभोवती मुरडा सुरू झाला. यायचा, पिळायचा, जायचा. गेला म्हणून टेकावं तर पुन्हा हजर. बसली की उठावंसं वाटे, उठली की वाकावंसं. खुर्ची मिळाली आणि खुर्चीत बसवेना. ती झाडाभोवती फेऱ्या घालू लागली, फेऱ्या घालता घालता पदराखाली पोट दाबू लागली. भूक दांडगी, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. तोंडाला सारखं पाणी सुटे.

"अगं, मला नको शिकवू," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "पाणी सुटतंय, ढवळतंय, भूक लागतेय. मी दोन बाळंतपणं काढलीत!"

"आई, हे नाटक आहे," मोठी जाऊ भांड्यांच्या ढिगाआडून म्हणाली. "सकाळची चूल गेली, आता दुपारची घासणीही नको झालीय बाईसाहेबांना."

धाकटीने दोघींनाही खोडून काढलं नाही. पोट दुखतं म्हणून सांगावं, तर काम जाणार. आणि मोठीला आता मातीची शी वाटेनाशी झाली होती. गाडी आली, की ती हटकून दारात यायची.

असाच मुरडा ऐन भरात असताना एक गाडी आली. धाकटीने चिमूट तोंडात टाकली. तोंड लाळेने भरलेलं, त्यात मीठ कुठे आणि माती कुठे! ड्रायव्हर बघतोय, सासरे बघताहेत, पोटात कुणीतरी दोरी वळतंय. कसंबसं सुटावं म्हणून ती म्हणाली, "उतरवा."

तीन आठवड्यांनी भट्टी उघडली. ओळीने सगळ्या बरण्यांना पांढरी खपली.

"ही माती कुणी घेतली?" सासऱ्यांनी माहीत असून विचारलं.

"मी," ती म्हणाली आणि तिथेच पोट धरून खाली बसली.

सासूबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या, त्या बाळाच्या आशेने. डॉक्टरीणबाईंनी आधी ती आशा तपासून बाजूला ठेवली, मग शौचाची तपासणी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी वाचत त्या म्हणाल्या, "जंत आहेत. मोठे, लांबडे. त्यांची अंडी मातीतून पोटात जातात. माती खाता का?"

"छे हो, खात नाही. चाखते. आमचं कामच आहे."

"माती येते त्या खाणीवरचे लोक शौचाला कुठे जातात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खाणीच्या कडेला आडोसा होता, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"तुमच्याआधी कोण चाखायचं?"

"आमचे हे!" सासूबाई ताठ झाल्या. "चाळीस वर्षं. आणि तब्येत कशी ठणठणीत! जेवण झालं की शतपावली चुकवत नाहीत. शंभरची चारशे होतात, पण माणूस म्हणून खाली बसत नाही."

धाकटीने मान वर केली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर एक गोळी वाढवली.

घरी पोचली तेव्हा सासरे अंगणात होते. बारा पावलं, वळण, बारा पावलं. वळताना मूठ बेंबीशी. तिचीच चाल! घराने इतकी वर्षं वाखाणलेली.

ती पाणी घेऊन गेली. "बाबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"शतपावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाखलेल्या मातीतून पोटात जंत होतात."

ते थांबले. "सासूला बोललीस?"

"नाही."

"मोठीला?"

"तिला सांगून मी काय डोकं फिरवून घेऊ?"

"तसं नाही गं..." ते मूठ सोडायला विसरले होते. "जिभेनेच पोटात घाण नेली म्हटल्यावर ड्रायव्हर लोक हसतील. मग माझ्या 'चालते व्हा'ला कोण भीक घालणार? आणि भट्टी बिघडली ती?"

"ती माझीच चूक. चारचौघांत कबूल केलीय, पुन्हा करीन. तुम्ही ही गोळी चघळा. आणि यापुढे कच्ची नाही. माती पाण्यात उकळायची, गाळ बसला की वरचं पाणी चाखायचं."

"आणि कण?"

"बोटं कशाला दिलीत?"

त्यांनी गोळी दाताखाली घोळवली, सवयीने डोळे मिटले. "गोड आहे," म्हणाले.

जेवताना सासऱ्यांनी नवी पद्धत जाहीर केली; आपल्याला सुचली म्हणून. शतपावली महिन्याभरात शंभरावर आली आणि वय झालं तरी शिस्त आहे, असं घराने मानलं. भट्टी बिघडवल्याबद्दल धाकटीची खुर्ची गेली. ती मोठीला मिळाली. उकळलेलं पाणी चाखायला तिला शी वाटत नाही. ड्रायव्हर तिला बाई म्हणतो.

धाकटीचं पोट शांत आहे. पहाटे ती अकरा माणसांची चूल पेटवते आणि गाडी यायची असली, की शेजारच्या चुलीवर मातीचं पाणीही तीच उकळते. दुखणं दोघांचं होतं. सासऱ्यांच्या जिभेचा मान राहिला, मोठीला खुर्ची मिळाली, भरलं धाकटीने एकटीने. तोट्याचा तो रकाना तिने कोरा ठेवला होता. सासऱ्यांनी तो भरलेला पाहिला आहे. एवढंच, की झाडाखाली चाखायला पेला गेला, की ते मोठीचं मत ऐकतात, मान हलवतात आणि 'उतरवा' म्हणण्याआधी एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतात.