उचित वीज

"सही कर, मग चहा घे," म्हणत भीमाप्पांनी कागद लेकीपुढे सरकवला.

सुनयना बेळगावच्या टिळकवाडीहून सकाळच्या गाडीने निपाणीला आली होती. तिथल्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवते, आणि प्रयोग खरा असल्याच्या त्या कागदाखाली भीमाप्पांना तिचीच सही हवी होती. मागच्या शेडमध्ये टेबलावर तांब्याच्या बारीक तारेचे हातभर उंच वेटोळे उभे होते. त्याला मोटारसायकलची एक जुनी बॅटरी लावलेली होती. वेटोळ्यापासून वीतभर लांब, कशालाही न जोडलेली ट्यूब पेटलेली होती. गेले एकवीस दिवस ती विझली नव्हती. वेटोळ्यातून सुटलेली वीज फिरून बॅटरीत येते, आता तिला बाहेरून काही लागत नाही, अशी भीमाप्पांची खात्री होती.

सुनयनाने कागदाचा मथळा वाचला. "आप्पा, 'उचित विद्युत प्रयोग' म्हणजे?"

"फुकट वीज. सरकारच्या शून्याच्या लाइट बिलावर कानडीत लिहून येतंय की."

"ते कानडीत. मराठीत उचित म्हणजे योग्य, रास्त."

"मग चुकलं कुठं?"

ती हसली, भीमाप्पा हसले नाहीत. सदलग्याजवळच्या त्यांच्या गावात विजेचा खांब आला तो चावडीपाशी थांबला. तिथून त्यांची गल्ली चाळीस पावले होती. ती चाळीस पावले चालायला विजेला अकरा वर्षे लागली. दर साली उत्तर एकच, तार कमी पडली. पुढे भीमाप्पांनी निपाणीत दुकान टाकून चाळीस वर्षे पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली, हातांनी वेढे मोजत लोकांच्या विहिरींवर पाणी चढवले. तारेवाचून पेटणारी ही ट्यूब पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते टेबलाशी तासभर नुसते बसून राहिले होते. उद्या, रविवारी, त्याच गल्लीच्या समाजमंदिरात ते ती दाखवणार होते. गल्लीतल्या परशरामने घरोघर सांगून ठेवले होते.

"आप्पा, वीज अशी आपोआप परत येत न्हाय. कुठल्याच पुस्तकात..."

"तुझ्या पुस्तकात आमच्या गल्लीचा खांब हाय काय?"

सुनयनाने कागद टेबलावर ठेवला. "बरं. आज शेडला कुलूप लावूया. चावी माझ्या पर्समधी. संध्याकाळी ट्यूब पेटलेली असंल तर सही करते."

"संध्याकाळ कशाला? वरीसभर ठेव!"

उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेल्या सुनयनाच्या आईचा, सोनुबाईंचा हात सुपात थांबला. "दुपारी झाडायचं असतंय मला आत," त्या म्हणाल्या.

"एक दिस न्हाय झाडलं तर काय आभाळ पडतंय?" भीमाप्पा म्हणाले आणि स्वतःच कुलूप घेऊन आले.

पाच वाजता त्यांनी दार उघडले. ट्यूब विझली होती.

त्यांनी वायरी चाचपल्या, अंगठ्याने स्क्रू दाबून पाहिले. सुनयनाने मीटर लावला, आकडा पाहिला आणि मीटर खाली ठेवला.

"कनेक्शन ढिलं झालं असंल," भीमाप्पा म्हणाले.

"ढिलं न्हाय झालेलं," दारातून सोनुबाई म्हणाल्या. "आज चार्जिंग झालं न्हाय."

त्या आत गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून दुकानातला जुना चार्जर घेऊन आल्या. "तुमी चारला बाजारात गेलासा की मी लावायची. तुमी यायच्या आत काढून ठेवायची. आज चावी हिच्याकडं."

"आई!" सुनयना म्हणाली.

"काय करू गं? पैल्यांदा विझली तवा चार दिस धड जेवलं न्हाईत ह्ये. भिंतीकडं तोंड करून पडलंते. बिल तर शून्यच येतंय. म्हटलं, सरकार उचित देतंय, त्यातलं थोडं ह्यांच्या बॅटरीला."

भीमाप्पा स्टुलावर बसले. रागावतील असे दोघींना वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, "लाल चिमटा लाललाच लावत हुतीस न्हवं?"

"तुमीच शिकिवलंयसा."

त्यांनी मान हलवली.

सुनयनाने पेन उचलले. "आप्पा, ट्यूबला तार न्हाय, तेवढं खरं हाय. तेवढंच दाखवूया. मी तेवढ्यावर सही करते."

"आणि बॅटरी भरायला?"

तिने चार्जरकडे पाहिले. भीमाप्पांनी कागदाची चार पदरी घडी करून खिशात घातली आणि परशरामला फोन लावला.

"परशराम, टेबल मधी नको. प्लगच्या बोर्डापाशी मांड."

पलीकडचा आवाज शेडभर ऐकू आला. "आप्पा, तार लागत न्हाय म्हणालतासा न्हवं?"

"लागती."

"आँ?"

"तार लागती रं. उद्या येऊन समद्यास्नी सांगतो."

फोन ठेवून त्यांनी खिळ्यावरची लांब वायर काढली आणि तळव्यापासून कोपरापर्यंत तिचे वेढे घेऊ लागले. सवयीने ओठ हलत होते. सोनुबाईंनी चार्जरला लागलेले पीठ पदराने पुसले आणि तो पिशवीत ठेवला. वायर संपली. हातावरचे वेढे भीमाप्पा पाहत राहिले.

"अजून एक वायर घे गं," ते म्हणाले. "तिथं कमी पडायला नको."

सुनयनाने माळ्यावरची दुसरी वायर काढून दिली. त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.