अर्धी माळ

भिकाजीच्या जपात कोणी बोलायचं नाही, हा त्या घरचा कायदा. घरात कोंबडी शिरो, शेजारी भांडणं लागोत, हातातली माळ पुरी झाल्याशिवाय तो पाटावरून हलायचा नाही. वाडीतली माणसं चेष्टा करायची. पण त्याची बायको सुगंधा कधी हसली नाही. तिला कारण माहीत होतं.

चार वर्षांमागे थोरला धोंडू होडीवर निघाला तेव्हा भिकाजी जपाला बसला होता. पोरगा "येतंय हां, बाबा" म्हणाला आणि हा अर्धी माळ टाकून त्याला पोचवायला बंदरावर गेला. होडी परत आली नाही. तेव्हापासून भिकाजीच्या डोक्यात एकच बसलं, की माळ मोडली म्हणून पोर गेलं.

साठ सालचा आश्विन. त्या पंधरवड्यात उघाडीची पाळी त्यांच्या घराकडे होती. खाजणातली शेती म्हणजे खाडीच्या तोंडाशी मांडलेला संसार. बांधाला पाणी जायचं दार ठेवलेलं, तीच उघाडी. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी सोडायचं आणि भरती लागली की फळ्या घालून खारं पाणी अडवायचं. बारा घरांची भातं त्या चार फळ्यांच्या भरवशावर. भरती रोज दोन घटका पुढे सरकते, देवपूजेची वेळ मात्र सरकत नाही. घटस्थापनेच्या सकाळी दोन्ही एकावर एक आल्या.

"अवो, आज उधाण आसा," सुगंधा म्हणाली. "आधी फळये घालून येवा, मगे बसा."

"घट बसवतंय, एक माळ ओढतंय आणि जातंय. पाणी चढाक अजून येळ आसा."

घट बसला, मातीत नऊ धान्यं पेरली आणि भिकाजीने डोळे मिटले. सुगंधा तीनदा दारात आली. खाडीवरचा वारा फिरला होता, पाण्याचा वास आत येत होता. हाक तिच्या ओठांवर होती. पण धोंडूचं नाव आठवलं आणि तिने ती गिळली. शेवटी ओचा खोचून ती स्वतःच धावली.

उशीर झाला होता. पाणी उघाडीतून घोंघावत आत येत होतं. तिने एक फळी खाचेत घातली, ती पाण्याने उखडून आत फेकली. "अरे धावा रे!" ती ओरडत राहिली. वाडीतले महादू आणि बाबली आले तोवर पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी कमरेइतकं चढलं होतं. मागून भिकाजी आला. गळ्यात माळ होती, पुरी झालेली.

"आवशीक खाव!" बाबली किंचाळला. "ह्यो बसलो देवाकडे आणि आमची वर्साची पेज गेली दर्यात!"

दुसऱ्या दिवशी देवळात वाडी जमली. म्हातारा महादू शिवी न देता बोलला, ते जास्त लागलं. "भिकाजी, आजपासून उघाडीची पाळी तुझ्याकडे नाय. तू आपलो देवाक बस."

सुगंधा उठली.

"पाळी घराची आसा, एकट्याची नाय. आणि चूकय तेंची एकट्याची नाय. मी दारात उभी होतंय, हाक मारूक नाय. हेच्यापुढे फळये मी घालतलंय."

"बायलमाणूस तू! चार हातांचा काम ता," बाबली म्हणाला.

"मगे दोन हातांनी करीन."

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं. नऊ दिवसांत खाजणातलं भात करपून तांबडं पडलं. कणसं चुरली तर हाताला नुसती फोलं लागत. आणि घरात, विहिरीच्या गोड्या पाण्यावर, घटातलं धान्य वीतभर हिरवंगार उगवलं होतं. सुगंधाला त्याकडे बघवत नव्हतं.

दसऱ्याला भरती दुपार कलल्यावर लागत होती. भिकाजी घट हलवायच्या पूजेला बसला होता, हातात माळ. सुगंधा फळ्या घालायला निघाली. मेलेल्या भाताला राखायचं काय, असं लोक विचारत होते. पण नवीन खार आत आली नाही, तरच पुढचा पाऊस जुनी खार धुवील, एवढं तिला कळत होतं.

ती एकटीच भिजलेली फळी ओढत होती. एक टोक खाचेत बसवलं की दुसरं निसटायचं. तळहात सोलले. तिला रडू आलं, रागाने.

बांधावर पावलं वाजली. भिकाजी उभा होता. माळ मुठीत, अंगठा अजून मधल्याच मण्यावर.

"जप?" तिने विचारलं.

"अर्धो रवलो."

तो खाडीकडे बघत राहिला, होडी गेली त्या बाजूला. "आता काय व्हतला गो?"

"व्हवचा ता झाला," ती म्हणाली. "त्या बाजून धरा."

त्याने माळ कमरेला खोचली आणि पाण्यात उतरला. फळी बसली. पाणी तिच्यावर येऊन आदळलं आणि अडलं.

"दुसरी घेवा," सुगंधा म्हणाली.