नाळेवरून गेलेली लाईन

झोपड्या रिकाम्या करायचा शेवटचा दिवस, ट्रकमध्ये पत्रे-गाद्या सगळं चढलेलं, आणि आमच्या सासूबाई ऐन वेळी रुळांमध्ये फतकल मारून बसल्या. असा संताप आला मला!

"आई, उठा! आता काय मुहूर्त काढून देऊ?"

"ओयामाची नाळ काढल्याशिवाय मी हलायची नाही."

ओयामा माझी लेक, पाच वर्षांची. तिची नाळ गावी, वाडवडलांच्या गोठ्यात पुरली, असं याच बाईने मला सांगितलेलं. आमच्यात नाळ जिथे, माणूस तिथलं.

"गावी आहे ना ती?"

"कसलं गाव! साथीत सगळे रस्ते बंद होते. इथेच पुरली, डब्यात घालून. म्हटलं, गाडी मेलीय, आता इथे कोण येतंय खणायला?"

गाडी मेली असंच सगळ्यांना वाटलं होतं. गोऱ्यांनी आम्हा काळ्यांना शहराबाहेर वाळूत फेकलं तेव्हाची ही लाईन. राहा लांब, पण सकाळी भांडी घासायला या! लांगा, न्यांगा, फिलिपी अशा आमच्या वस्त्या करत पार खायेलित्शापर्यंत वाढली. मग बंद पडली, चोरांनी तारा नेल्या, आम्ही रुळांवर घरं थाटली. आता म्हणे गाडी परत सुरू.

मी ट्रकमधलं फावडं ओढलं. "सरका."

खडी उपसत होते, तर म्हातारी पुटपुटली, "ओयामाच्या बापाचीपण इथेच कुठेतरी आहे."

"काय म्हणालात?"

"म्झुकिसीची. तेव्हा रूळ नव्हते, झुडपं होती, आमच्या प्लास्टिकच्या खोपट्या होत्या. गावी गेले असते तर शहरात राहायचा पास मागणाऱ्या पोलिसांनी परत येऊ दिलं असतं का? पुरली इथेच. मग आम्हाला हुसकलं आणि वरून लाईन टाकली. म्हणून तर पुढे झोपडीला हीच जागा धरली मी."

अगं बाई गं! म्झुकिसी माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटी शेवटी एकच धोसरा, "नोझोलिले, मला घरी ने. माझी नाळ आहे तिथे." मला तो इथे हवा होता, जवळ. तरी त्याचा शब्द म्हणून हजार किलोमीटर गावी नेला त्याला, बसच्या मागे शवपेटी बांधून, वाटभर गाणी म्हणत. आणि पहिली मूठमाती दिली ती याच बाईने!

"तोंड शिवलं होतं का तुमचं?" मी किंचाळले. "तो घर मागत होता, आणि आपण त्याला घरातूनच उचलून नेलं!"

ती वर बघेना. "सांगितलं असतं, तर रुळाखाली कोण पुरू देणार होतं त्याला?"

दातओठ खाऊन मी खणत राहिले. डबा सापडला, दुधाच्या पावडरीचा, गंजलेला. म्हातारीने तो शालीआड घेतला आणि गुमान उठली.

"आता कुठे पुरायचा हा?" मी विचारलं.

"तू सांग. जिथून कुणी उठवणार नाही अशी जागा दाखव, तिथे पुरते."

ट्रक आम्हाला जिथे सोडणार होता, ती वस्तीसुद्धा तात्पुरतीच होती.