आधी आकडा, मग तोंड

हल्लीच्या सिनेमात माणूस रडायच्या आधी व्हायोलिन रडतं. नायिकेच्या डोळ्यांत अजून पाणी यायचंय, तोवर मागे तीस जणांचा वाद्यवृंद हंबरडा फोडून मोकळा. प्रेक्षकाला स्वतःहून काही कळेल यावर कुणाचा विश्वासच राहिलेला नाही. ट्रेलरमध्ये अख्खी गोष्ट सांगून टाकतात, सुरुवातीला दहा मिनिटं नुसते आभार मानतात, आणि एखादा सिनेमा चुकून चालला की त्याचा दुसरा भाग, तिसरा भाग, मग खलनायकाच्या बालपणाचा वेगळा भाग. वर थिएटरात पाय पसरून झोपायच्या खुर्च्या. झोपायचंच असेल तर घरी पलंग आहे की.

ही मतं मला कुणी विचारलेली नाहीत, हे मला माहीत आहे. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला जन्मात काही आवडलंय का?" आवडलंय. एकतीस वर्षांत आठ किंवा त्याहून जास्त गुण मी चौदा सिनेमांना दिले आहेत. कुठल्या थिएटरात, कुठल्या रांगेत बसून पाहिले तेही सांगू शकतो. बाकीचे सिनेमे आठाच्या लायकीचे नव्हते, त्याला मी काय करणार?

धंद्याने मी चष्मेवाला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की डोळ्यांपुढची भिंगं बदलत विचारतो, हे बरं की आधीचं बरं? निम्मी माणसं मला बरं वाटावं म्हणून "हेच बरं" म्हणतात. समोरचं एक अक्षर धड वाचता येत नाही, तरी म्हणतात. त्यांना मी सरळ झापतो. मला खूश करायला आलात की चष्मा करायला? दिसतंय तेवढंच सांगा. याने काही गिऱ्हाइकं तुटली, पण माझ्या दुकानातून कुणी चुकीचा नंबर घेऊन गेलं नाही.

हा स्वभाव धाकट्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त आला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली. बाबांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं, ते सकाळी जायचे ते संध्याकाळी हाताला लोखंडाचा वास घेऊन यायचे. धाकट्याला सिनेमाला नेणं आपसूक माझ्याकडे आलं. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. बाहेर पडलं की आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हटलं "भंगार" की हा म्हणे "भंगार." एकदा मी मुद्दाम म्हटलं, मस्त होता. अडीच तास जांभया देणारं पोर लगेच म्हणालं, "मस्तच होता, दादा." माझं डोकं फिरलं. हा मोठा होऊन नंदीबैल व्हायला नको, म्हणून त्याच दिवशी नियम केला. आधी आकडा, मग तोंड. सिनेमा संपला की तिकिटाच्या मागे दहापैकी गुण लिहायचे, तिकिटांची अदलाबदल करायची, आणि तोवर चकार शब्द काढायचा नाही.

पहिले काही महिने तो पेन्सिल चावत माझा अंदाज घ्यायचा. मग एका सिनेमाला मी सात दिले आणि त्याने तीन. "दादा, त्या पोलिसाला सगळं आधीच माहीत होतं, मग तो चार वेळा फसतो कसा?" घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही, पण मनातून इतका खूश झालो होतो की विचारू नका.

तेव्हापासून दर शुक्रवारी आमची वारी चुकली नाही. त्याचं लग्न झालं, माझं झालं, थिएटरं पाडली गेली, नवी उभी राहिली. तिकिटं फोनवर आली तेव्हा मी दुकानातून चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठ्या न्यायला लागलो, त्यांच्या पाठीमागे आकडा लिहायचा. सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत ठेवल्यात. दुकानाच्या माळ्यावर अशी पाच खोकी आहेत.

धाकटा पुढे एडिटर झाला. अठरा वर्षं मालिका कापल्या. कापल्या कसल्या, ताणल्या. एका सुनेचा दचकलेला चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवायचा, मग सासूचा तीनदा. शुक्रवारी भेटला की म्हणायचा, "दादा, आज एक वाक्य सतरा मिनिटं चाललं." मी हसायचो, पण मला त्याची दया यायची. त्याच्याइतकी नजर असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठला प्रसंग दोन सेकंद आधी संपायला हवा होता, हे तो डोळे मिटून सांगेल.

शेवटी त्याने स्वतःचा सिनेमा केला. चार वर्षं लागली. गोष्ट बाबांची होती. दारं उघडण्यात हयात घालवलेला किल्लीवाला म्हातारपणी सगळं विसरत जातो, अशी. सिनेमा पक्का करून द्यायच्या आदल्या आठवड्यात त्याने मला स्टुडिओत बोलावलं. "अजून कुणाला दाखवलेला नाही. तू बघ, आकडा दे. त्यावर ठरवतो."

दुपारची वेळ होती. खिडकीला काळा पडदा, दोन खुर्च्या, एक मोठा पडदा, आणि टेबलावर त्याने माझ्याच दुकानाच्या दोन चिठ्ठ्या ठेवलेल्या.

पहिला दीड तास मी जागचा हललो नाही. कुठे व्हायोलिन नाही, कुठे भाषण नाही. नुसते बाबांचे हात, कानस, आणि पितळेचा चुरा. मग तो प्रसंग आला. म्हातारा स्वतःच्या घराबाहेर उभा आहे आणि हातातल्या जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतोय. एकही लागत नाही. संगीत नाही, फक्त किल्ल्यांचा आवाज. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

हा प्रसंग मला पाठ होता. कारण हे घडलं होतं. एका रविवारी दुपारी बाबा दाराबाहेर उभे होते, आणि आत धाकटा आणि मी टीव्हीवर सिनेमा बघत होतो. धाकटा म्हणाला, "दादा, बाबा बाहेर खुडबुडतायत." मी म्हणालो, "थांब जरा, शेवट बघू दे." बारा मिनिटं. किल्ल्या वाजत होत्या आणि मी आवाज वाढवला. सिनेमा काही फार ग्रेट नव्हता, मी त्याला पाच दिले. दार उघडलं तेव्हा बाबा मला म्हणाले, "माफ करा, घर चुकलं वाटतं," आणि जिना उतरायला लागले. त्यानंतर त्यांनी मला कधीच ओळखलं नाही. आठ महिन्यांनी ते गेले. या बारा मिनिटांबद्दल धाकट्याने आजवर एक शब्द काढला नव्हता, आणि मीही नाही.

पडद्यावर मात्र दार लगेच उघडलं. मोठा मुलगा धावत आला, त्याने म्हाताऱ्याला छातीशी धरलं, म्हणाला, "बाबा, घर तुमचंच आहे." आणि पुढे बावीस मिनिटं तो मुलगा म्हाताऱ्याला आंघोळ घालतो, भरवतो, नोकरीवर पाणी सोडतो, शेवटी पाहुण्यांसमोर भाषण ठोकतो. व्हायोलिनही आलंच. इतका सद्गुणी मोठा भाऊ मी एकतीस वर्षांत कुठल्या सिनेमात पाहिला नव्हता. दुसऱ्या कुणाचा सिनेमा असता तर मी खुर्चीतच फिदीफिदी हसलो असतो.

दिवा लागला. चिठ्ठी समोर होती. माझ्या डोक्यात चार आले. अगदी स्पष्ट, नेहमीसारखे. दारापाशी संपला तर नऊ, असा संपला तर चार. पेन टेकवलं आणि आठ लिहिले.

चार वर्षांची मेहनत, कानांपाशी पिकलेले केस, आपलाच भाऊ, त्याचं मन कशाला मोडायचं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. सोयीचं होतं, म्हणून पटलंही.

वर मी नियमही मोडला. त्याचं लिहून व्हायची वाट न बघता चिठ्ठी पुढे केली आणि तोंड उघडलं. "आहे तसाच ठेव. काही कापू नकोस."

धाकट्याने आकडा वाचला. मग माझ्याकडे बघितलं, अकरा वर्षांचा असताना बघायचा तसं. "शेवट लांबला नाही ना?"

"शेवट तर फारच सुंदर आहे."

त्याची चिठ्ठी लिहून झाली होती. ती त्याने घडी घालून खिशात टाकली. "राहू दे आता माझं," म्हणाला. मी आग्रह केला नाही.

सिनेमा एक आठवडा चालला. मी तीनदा गेलो, एकदा माझ्यासकट अकरा माणसं होती. दारापाशी सगळे श्वास रोखून बसायचे, आणि पुढच्या बावीस मिनिटांत एकेकाचा फोन उजळायचा. ज्यांनी पाहिला त्यांनी "चांगला होता, पण" असं म्हणून हात झटकले.

फोनवर सिनेमाची चिरफाड करणारी एक मुलगी आहे. गाडीत बसून बडबडते, मागे सीटबेल्ट लोंबत असतो. असल्या लोकांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. काल दात आलेत आणि आज चावायला निघालीत. बायकोने तिचा व्हिडिओ लावला. मुलगी म्हणाली, "म्हातारा दाराबाहेर आहे आणि दार बंद आहे, तिथेच हा सिनेमा संपला होता. पुढची वीस-बावीस मिनिटं कुणाला तरी खूश करायला जोडलीत. एडिटरला कुणी सांगणारं नव्हतं का?"

बायको म्हणाली, "अहो, ही तर अगदी तुमच्यासारखी बोलते."

मी उठून दुकानात गेलो.

दोन दिवसांनी धाकटा दुकानात आला. दुपारची सामसूम होती. तो तपासणीच्या खुर्चीत बसला आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून काउंटरच्या काचेवर ठेवली. मागे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, चार. खाली, दार उघडायचं नाही.

"ही त्याच दिवशीची आहे," तो म्हणाला.

"मग कापलं का नाहीस?"

"तू आठ दिलेस."

"अरे, पण तुला दिसत होतं तर तू माझं कशाला ऐकायचं? आकडा आधी, हा नियम कशासाठी केला होता?"

"ती बावीस मिनिटं मी तुझ्यासाठी घातली होती, दादा." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा बाहेर आणि आपण आत, असा शेवट तुझ्यासमोर ठेवायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, दादाला हे दाखवू, तो एका मिनिटात म्हणेल, खोटं आहे, काप. तूच म्हणालास की मग मला कापता येईल. दुसऱ्या कुणाचं असतं तर तू सोडलं असतंस?"

"मला तुझं मन मोडायचं नव्हतं रे."

"माझं?" त्याने विचारलं.

दिवसाला वीस माणसांना दिसतंय तेवढंच सांगा म्हणून झापणारा मी, समोरची भिंगं पुसत बसलो. धाकट्याचं मन राखायचं होतं हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की पडद्यावरचा तो धावत येऊन दार उघडणारा मुलगा मला फार आवडला होता. तो मला कापायचा नव्हता. त्यापायी मी भावाचा सिनेमा बुडवला, आणि बाबांना पुन्हा एकदा बाहेर ताटकळत ठेवलं. हे त्याला सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात तो उठला.

"शुक्रवारी येतोस ना?" मी विचारलं.

"येतो की," तो म्हणाला. "न यायला काय झालं?"

आणि आला. सिनेमा असा होता, की नायक एका हाताने विमान थांबवतो आणि दुसऱ्या हाताने केस सारखे करतो. नायिकेला एकूण नऊ वाक्यं, मी मोजली. बाहेर आल्यावर मी दोन लिहिले. खरं तर दीडच द्यायचे होते. चिठ्ठ्या बदलल्या. त्याच्या चिठ्ठीवर आठ होते.

मला वाटलं, चिडलाय, जाईल राग. पुढच्या शुक्रवारी एक साधा, नेटका सिनेमा होता, पूर्वी त्याने त्यावर रस्ताभर बोलून माझं डोकं खाल्लं असतं. आठ. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक भुताचा सिनेमा, भूतसुद्धा कंटाळलेलं. आठ. "अरे, याला आठ?" मी विचारलं. "छान होता, दादा," तो म्हणाला.

आता सात शुक्रवार झाले. मी अजून दिसतं तेच लिहितो, दोन, सहा, साडेतीन. तो माझी चिठ्ठी घेतो, न वाचता घडी घालून खिशात ठेवतो, आणि त्याची मला देतो. ती उघडायच्या आधीच तीत काय आहे ते मला माहीत असतं. तरी मी उघडतो.