वॉल्टरच्या साच्याला नव्या मुठी

विष्णुपंतांनी उभ्या जन्मात ‘माझं चुकलं’ म्हटलं नव्हतं. बाकी माणूस लाखात एक, हो! व्यसन नाही, आरडाओरडा नाही, दळण आणायला कधी कुरकुर नाही. पण चूक? छे! रस्ता चुकला तर पाटी चुकीची लावलेली असायची, आणि कलिंगड पांढरं निघालं तर विकणाऱ्याने फसवलेलं असायचं.

सुमित्राबाईंना तरी कुठे सगळ्याची माफी हवी होती? एकाच गोष्टीची हवी होती. तेहतीस वर्षांपूर्वी त्यांना शिरूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. चिंचवडहून रोज ये-जा झेपणारी नव्हती, तिथे खोली घेऊन राहावं लागणार होतं. प्रथमेश सहा वर्षांचा होता, पण सासूबाई घरात होत्या आणि त्यांनीच ‘जा गं बिनधास्त’ म्हटलं होतं. विष्णुपंत म्हणाले, “घर असं खिळखिळं ठेवून चालत नाही.” झालं, विषय संपला. बाईंनी पुढे घरीच शिकवण्या घेतल्या, त्या छान चालल्याही. पण शिरूरचं नाव निघालं की त्यांचं तोंड अजून कडू व्हायचं, आणि विष्णुपंत पेपर उघडून बसायचे.

आता दोघं सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला, प्रथमेशकडे आले होते. मुलगा-सून सकाळी सातला दोन गाड्या काढून दोन दिशांना जायचे. बाहेर असा दमट उकाडा की मेलबॉक्सपर्यंत गेलं तरी सदरा पाठीला चिकटायचा. विष्णुपंतांनी पहिल्या पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, नळ आणि कपाटांच्या मुठी आवळून टाकल्या. मग बरण्यांकडे वळले. सुनेला, आसावरीला, डाळीचा डबा उघडेना तेव्हा ती बिचारी हसून म्हणाली, “बाबा, थोडं रिलॅक्स करा ना!”

शेजारच्या गराजमध्ये वॉल्टर नावाचे म्हातारबुवा काहीतरी ठोकत बसलेले असायचे. तेलविहिरींवर आयुष्य काढलेला माणूस, आता जुन्या तऱ्हेच्या, नळीच्या तोंडातून दारू भरायच्या बंदुकीने नेमबाजीच्या स्पर्धा खेळायचा. शिशाच्या गोळ्याही स्वतःच ओतायचा. “बाबा, तिकडे जाऊ नका हं, गन्स आहेत,” असं प्रथमेश म्हणाला आणि विष्णुपंत दुसऱ्याच दिवशी गेले. दुभाषी म्हणून बाईंनाही घेऊन गेले, कारण वॉल्टरचं टेक्सासी इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं.

साचा म्हणजे लोखंडाचे दोन चौकोनी ठोकळे. ते मिटले की मध्ये गोळीच्या आकाराची पोकळी उरते, तिच्यात वितळलेलं शिसं ओतायचं. ठोकळ्यांच्या खाचांत सांडशीसारखी एक पक्कड बसते आणि तिला लाकडी मुठी असतात, म्हणजे हात भाजत नाहीत. वॉल्टरच्या जुन्या मुठी जळून कोळसा झाल्या होत्या. नवी पक्कड आणली तर ती खाचांत शिरेना, आणि कानस चालवायची म्हटलं तर त्याची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. शनिवारी सकाळी तर त्याची स्पर्धा होती.

“हात्तिच्या! एवढंच ना?” विष्णुपंत म्हणाले. त्यांचे डोळे असे चमकले की बाईंना बरं वाटलं. महिनाभर माणूस नुसता भिंतींकडे बघत होता.

वॉल्टरने बोटं हलवून काहीतरी समजावलं. बाईंनी सांगितलं, “अहो, तो म्हणतोय, ठोकळे पकडीत थोडे हलते ठेवा. मिटताना ते आपापली जागा घेतात.”

“त्याला सांग, अडतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीत म्हणावं. हलतं ते फिटिंगच नव्हे!”

“ही सेज थँक यू,” बाईंनी वॉल्टरला सांगितलं.

दोन दिवस विष्णुपंत खपले. कानशीने पक्कड घासली, मुठी बसवल्या, जिथे केसभर फट राहिली तिथे पातळ पत्रा सरकवला. शुक्रवारी दुपारी वॉल्टरने गराजचं दार वर केलं, पंखा लावला, शिसं वितळवलं आणि पहिली गोळी ओतली. साचा उघडला तर गोळीला दोन्ही बाजूंनी चक्क पंख फुटलेले! दुसरी तशीच. पाचवी तर पाहवेना.

“शिसं भेसळीचं दिसतंय,” विष्णुपंत म्हणाले.

बाईंनी हे भाषांतर केलंच नाही. आता पंखा चुकणार, मग टेक्सासची हवा चुकणार, हे त्यांना पाठ होतं. म्हाताऱ्याची उद्याची स्पर्धा बुडणार म्हणून त्यांचा जीव हळहळला.

साचा निवल्यावर विष्णुपंतांनी तो मिटून उजेडासमोर धरला. दोन ठोकळ्यांच्या मधून उन्हाची बारीक रेघ आरपार दिसत होती, शिसं तिथूनच बाहेर पसरलं होतं. पकडीने त्यांना इतकं करकचून धरलं होतं की नीट मिटायला जागाच नव्हती. विष्णुपंतांनी साचा खाली ठेवला आणि वॉल्टरकडे वळून ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले, “वॉल्टर, माय मिस्टेक. सॉरी.”

“हे, नो हार्म डन!” वॉल्टर म्हणाला.

विष्णुपंतांनी पत्रा काढून फेकला, कानस घेतली आणि पाऊण तासात पक्कड सैल केली. या वेळी ठोकळे किंचित हलले आणि टक् करून मिटले. गोळी निघाली ती गुळगुळीत. वॉल्टरने आनंदाने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की विष्णुपंतांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. वळून बघतात तर सुमित्राबाई तिथे नव्हत्याच.

त्या घरी स्वयंपाकघरात होत्या आणि कणीक अशी तिंबत होत्या की ओटा हादरत होता.

“अगं, न सांगता आलीस ती?”

“त्या माणसाची ओळख होऊन तुम्हाला आठवडा झाला नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला दोन मिनिटांत सॉरी! आणि मी एक्केचाळीस वर्षं कोण आहे हो? मी काय घोडं मारलंय तुमचं?”

विष्णुपंत खुर्चीवर बसले. “शिरूरचं म्हणतेस?”

“नाही, कलिंगडाचं म्हणतेय!”

आसपास पेपर नव्हता. विष्णुपंतांनी हातावरचा लोखंडाचा कीस झटकला. “चुकलंच माझं,” ते म्हणाले. “त्याच दिवशी कळलं होतं मला. तू ते नोकरीचं पत्र फाडून चुलीपाशी ठेवलंस ना, तेव्हाच.”

बाईंचे हात कणकेत थांबले. तेहतीस वर्षं त्यांना वाटत होतं की या माणसाला ते कळलेलंच नाही. त्यांना रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“बोललो असतो, तर तू गेली असतीस.”

“गेलेच असते,” सुमित्राबाई म्हणाल्या. “आणि दर शनिवारी परतही आले असते.”