पालथ्या टॅबलेटची डावी बाजू

चार वाजता तक्ता कायमचा ठरणार होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि पडद्यावर आई भांडत होती.

"जवळ घेतलं की म्हणतेस, लांब ठेव. टेबलावर ठेवलं की म्हणतेस, नुसती हनुवटी दिसते. करू तरी काय मी?"

"तुझ्याकडे रेंज नाही गं आई. खाली ठेव."

"खाली ठेवल्यावर येते नि उचलल्यावर जाते? रेंज आहे की रुसूबाई?"

लेक हसायला गेली आणि मधेच थांबली. उचलल्यावर जाते.

कचेरीत तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत, कारण तिचं कामच लेबलांचं. लॅपटॉप-टॅबलेटच्या कडांना बारीक सेन्सर असतात. हात, मांडी जवळ आली की त्यांना कळतं. मग शरीराला लहरी जास्त लागू नयेत या नियमाप्रमाणे यंत्र त्या बाजूच्या अँटेनाचा जोर उतरवतं आणि दुसऱ्या बाजूवर भागवतं. पण कुठला सेन्सर कुठल्या बाजूचा, हे यंत्राला लेबल सांगेल तेव्हा कळणार. एक कंपनी त्याला 'पहिला' म्हणे, दुसरी 'खालचा', तिसरी नुसता आकडा टाकी. बारा घरची बारा नावं. आठ महिने प्रत्येकाची मनधरणी करून तिनं सगळ्यांना एका तक्त्यावर आणलं होतं. तक्त्याखाली 'तपासले' म्हणून सही तिचीच. आईकडचा टॅबलेट चाचणीचा होता, त्यात हीच लेबलं भरलेली.

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. चाचणीच्या खोलीत यंत्रं तपासणारे जोडारीकाका स्पंजच्या गादीवर टॅबलेट मांडत होते. सगळे पालथे, काच खाली.

"काका, हे नेहमी पालथेच?"

"काचेला ओरखडा पडला तर पगारातून कापतील का तुझ्या? पहिल्या दिवसापासून पालथेच."

"आणि डावा सेन्सर म्हणजे?"

काकांनी पाठीच्या डाव्या कडेवर रबरी तळवा ठेवला. "हा. डावा. दिवा लागला, पास."

तिनं टॅबलेट उताणा केला. तळवा ठेवलेली कड उजवीकडे आली. काका बघतच राहिले. बाळ पाळण्यात पालथं झोपलेलं म्हणून त्याचा डावा हात उजवा होतो का? पण इथं झाला होता. आराखडा काढणाऱ्यांनी अँटेनांची नावं काचेकडून दिली होती, आणि चाचणीच्या खोलीनं सेन्सरची पाठीकडून. आई उजव्या हातानं उजवी कड धरी, आणि तिथल्या सेन्सरचं नाव 'डावा'. यंत्र बिचारं डाव्या अँटेनाचा गळा आवळी, आणि उजवी तर आईच्या तळव्याखाली झाकलेली.

"गप्प बस," काका हळूच म्हणाले. "सही तुझी आहे. पुढच्या वर्षी दुरुस्ती म्हणून घाल."

"पुढच्या वर्षी हे प्रत्येकाच्या यंत्रात असेल काका."

बैठकीत सहा कंपन्यांची माणसं पेनं काढून बसली होती. विभागप्रमुख मॅडमनी तिचं ऐकून घेतलं. चेहरा ताठ.

"पंचवीस मिनिटं उरलीत. पुरावा?"

तिनं भिंतीवरच्या पडद्यावर आईला लावलं.

"आई, उचलून जवळ घे. आणि बोलत राहा."

"काय बोलू? मंडळी कोण ही सगळी? बरं, ओवी म्हणते." आईनं कड धरली.

"काचेआड लेक माझी, हाता—"

आईचे डोळे एकीकडे, ओठ दुसरीकडे. चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले. कुणीतरी म्हणालं, "घरचं नेटवर्क असेल." आठ महिने तीही हेच म्हणत आली होती.

"आई, खाली ठेव. मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

तिनं आपल्या लॅपटॉपवरून आईच्या टॅबलेटमधल्या डाव्या-उजव्या सेन्सरच्या दोन ओळींची अदलाबदल केली. यंत्र बंद होऊन चालू व्हायला हवं होतं. पडदा काळा झाला. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. दारात जोडारीकाका येऊन उभे राहिले होते. एक मिनिट. दीड. काळ्या काचेत तिचं स्वतःचंच तोंड दिसत होतं.

मग कॉल आपोआप पुन्हा जुळला आणि आईच्या घरचं छत दिसलं.

"घेऊ का आता?"

"घे आई. अगदी जवळ घे."

आईचा चेहरा वर आला, मोठा झाला, कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट. कड तिच्या उजव्या मुठीत घट्ट होती.

"काचेआड लेक माझी, हाताला लागेना,
उचलून घेऊ जाता, जागेला राहीना."

एक अक्षर तुटलं नाही.

मॅडमनी तक्ता तिच्यापुढे सरकवला. "आधी सही खोडा. डावं-उजवं काढून टाका, सेन्सर ज्या अँटेनाजवळ, तिचंच नाव लिहा. सगळ्या चाचण्या पुन्हा. आणि चूक कशी झाली ते तुमच्या नावानं लिहून द्या."

तिनं सही खोडली. रेघ थोडी वाकडी गेली.

"झालं का गं?" भिंतीवरून आई विचारत होती. "ठेवू का खाली?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे हातात तसाच."