बेटभोवतीची हिरवळ

नोरीन गुडघ्यांवर रांगत मोजत होती आणि अल्विन मदतीच्या नावाखाली कुंपणाला टेकून उभा होता. दर नोव्हेंबरात गावच्या दफनभूमीत पिवळ्या बटणफुलांची मोजणी व्हायची. भोवतालचा सगळा माळ केव्हाच नांगरला गेला होता. कांगारू गवत आणि त्यातली ही फुलं उरली होती ती मेलेल्यांच्या कृपेने.

"सहा," नोरीन म्हणाली. "गेल्या वर्षी एकेचाळीस होती रे."

अल्विनने नजर कुंपणाकडे वळवली.

फुलं का घटली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मे महिन्यात बेटची, म्हणजे त्याच्या दिवंगत बायकोची, बहीण मेलबर्नहून येणार होती आणि एप्रिलात पेटवल्यामुळे बेटच्या कबरीभोवती नुसती काळी, जळकी खुंटं. जन्म मेंढ्या राखण्यात गेलेला. गवत खुरटं दिसलं की हात सुपर फॉस्फेट खताकडे वळायचाच. चार पोती त्याने हाताने फेकली, अगदी मायेने. हिरवळ आली, पण परक्या तणाची, मांडीइतकी उंच. देशी गवतफुलांना ते खत सोसत नाही, हे त्याने मागाहून वाचलं. आणि गेल्या महिन्यात फुलं का दिसत नाहीत असं नोरीनने विचारलं तेव्हा हा भला माणूस म्हणाला होता, "आगीनेच झालं असेल."

फुलांना जागा मिळावी म्हणून जुनं गवत पेटवायचं काम अग्निशमन दलाच्या डूगलकडे. तो गाडीतून उतरला तोच ओरडत, "काय गं, किती निघाली?"

"सहा."

"घे! एप्रिलात पेटवायला नको म्हणून घसा फोडून सांगत होतो. पण बाईसाहेब पडल्या शिकलेल्या!"

नोरीन गुडघे झटकत उठली. "हट्ट माझाच होता," ती म्हणाली. "उद्या दफनभूमीची समिती सोडते. बावीस वर्षं जपलं आणि मीच वाटोळं केलं."

अल्विनचे कान तापले. स्वतःची इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

"आगीने नाही झालं," तो म्हणाला. "मी सुपर टाकलं. चार पोती."

डूगल ओरडला. "दफनभूमीत? मढ्यांचं पीक काढणार होतास काय?"

"कुठे टाकलंस?" नोरीनने विचारलं.

"बेटभोवती."

"आणि महिनाभर मला कुढू दिलंस?"

"लाज वाटत होती गं."

नोरीन त्या तणाकडे वळली. "हा कोपरा बेटने का मागून घेतला, माहीत आहे तुला?"

"फाटक जवळ पडतं म्हणून."

"शेवटची दोन वर्षं ती माझ्याबरोबर मोजायला यायची. सगळ्यात जास्त फुलं इथे होती. म्हणाली, मला यांच्यात ठेवा."

अल्विन खाली बसला. समोरच्या तणाला हात घालत म्हणाला, "कुठलं उपटायचं ते सांग. सगळं काढतो."

"राहू दे," नोरीन म्हणाली. "तू नको आता इथल्या कशालाही हात लावूस."